तापमानाला न बधणारी कार्बनची नळी : आधी आकडा ठरवा, मग कापड कापा

‘कार्बन फायबर तापलं तरी वाढत नाही’ एवढं ऐकून लोक ट्विलचं, म्हणजे तिरक्या विणीचं, कार्बन कापड आणतात, चार थर गुंडाळतात, वर चकचकीत लॅकर मारतात. महिन्याभराने फोन येतो : ‘नळी झकास झालीय, पण दुपारी रीडिंग सरकतंच.’ सरकणारच. वाढत नाही तो धागा, आणि तोही फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने. धाग्याला धरून ठेवणारं रेझिन भरपूर वाढतं. त्यामुळे नळी किती वाढणार हे कोणते थर कोणत्या कोनात बसले, टोकाला काय चिकटवलं आणि पावसाळ्यात ती कुठे ठेवली यावर ठरतं.

खालचं उदाहरण १ मीटर लांबीच्या, आतून ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीचं आहे. चाकण-भोसरीच्या शेडमध्ये मापं घेणारे दोन कॅमेरे या नळीवर बसवायचे आहेत आणि त्यांच्यातलं अंतर हलायला नको आहे. लेखात प्रसरणांक म्हणजे १ मीटर लांबी १ अंश सेल्सिअसने तापली तर किती मायक्रॉन वाढते तो आकडा. अॅल्युमिनियम २३, साधं पोलाद ११.५, इन्व्हार (लोखंड-निकेलचा, फार कमी वाढणारा मिश्रधातू) सुमारे १.३.

१. शून्य हवंय का, हे आधी ठरवा

सर्वात महागडी चूक इथेच होते आणि ती कापड आणण्याच्या आधी होते. प्रत्येकाला शून्य हवं असतं, पण शून्य उपयोगाचं असतंच असं नाही.

पोलादी पार्ट तपासायचं गेज करायचं असेल तर कार्बन विसरा, पोलाद वापरा. पार्ट आणि गेज एकाच तापमानाला असतील तर दोघं बरोबरीने वाढतात आणि फरक पडत नाही. शून्य प्रसरणाचं गेज केलंत तर दुपारी चांगला पार्टही मोठा दिसेल.

हौशी दुर्बीणवाल्यांचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. १००० मिलिमीटर नाभीय अंतराचा बोरोसिलिकेट काचेचा आरसा घ्या. त्याचा प्रसरणांक ३.३. जानेवारीत पुण्यात रात्री आठपासून पहाटेपर्यंत पारा १२ अंशांनी उतरला तर आरशाचं नाभीय अंतरच ४० मायक्रॉनने आखडतं. एफ/५ आरशाला, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्याला, फोकसची सूट साधारण अधिक-उणे २७ मायक्रॉन असते. नळी शून्य प्रसरणाची असेल तर फोकस त्या सुटीबाहेर जातो. साध्या ट्विलच्या नळीचा प्रसरणांक २.५ ते ३ येतो, म्हणजे ती आरशाबरोबर आखडते आणि फोकस जागेवर राहतो. तिथे स्वस्त कापडच बरं. अॅल्युमिनियमची नळी मात्र त्याच रात्री २७६ मायक्रॉन आखडेल.

आपल्या कॅमेऱ्यांना मात्र शून्याच्या जवळचंच काही हवं आहे.

*तपासा :* कोणत्या दोन बिंदूंमधलं अंतर टिकवायचं आहे, आणि ते कशाच्या तुलनेत, हे एका ओळीत लिहिता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

२. तुमच्या शेडचा पारा मोजा

हवामान खात्याचा आकडा घेऊ नका. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी काय असतं आणि जानेवारीत पहिल्या शिफ्टला काय असतं, ते नळी जिथे बसणार तिथेच थर्मामीटर टांगून बघा. इथे हिशोबाला ३० अंशांचा फरक धरतो. १ मीटर अॅल्युमिनियम तेवढ्यात ६९० मायक्रॉन वाढतं, पोलाद ३४५. आपलं उद्दिष्ट १५ मायक्रॉनच्या आत, म्हणजे प्रसरणांक ०.५ पेक्षा कमी.

नळीवर ऊन येणार असेल तर हिशोब वेगळा. काळी नळी हवेपेक्षा बरीच जास्त तापते. पांढरा रंग द्या किंवा आडोसा करा.

३. थरांचा क्रम : शून्य नको, सपाट जागा शोधा

या टप्प्याला दोन संध्याकाळी द्या. घाई पुढच्या टप्प्यांना करा हवी तर.

साध्या जातीचा कार्बन धागा धरू : ताठरता २३० गिगापास्कल, लांबीच्या दिशेने प्रसरणांक उणे ०.४. आपलं रेझिन इपॉक्सी, त्याची ताठरता ३ गिगापास्कल, प्रसरणांक ५५. घनफळात धागा ५५ टक्के. सगळे धागे एकाच दिशेने असलेल्या थराचा, म्हणजे युडी थराचा, धाग्याच्या दिशेने प्रसरणांक ०.२ च्या आसपास येतो आणि आडव्या दिशेने सुमारे ३०. एकाच थरात दोन टोकं.

मग सगळे थर लांबीच्या दिशेनेच लावले तर? आकडा सुरेख येतो, पण नळी बांबूसारखी उभी चिरते. आडवं धरायला काहीतरी लागतंच. म्हणून अर्धे थर आडवे, ९० अंशात, लावले की प्रसरणांक थेट २.४ वर जातो. चारही दिशांना सारखे वाटले तरी २.४ च. विणलेल्या कापडाचा आकडा वर २.५ ते ३ दिला तो यामुळेच : त्यात उभे आणि आडवे धागे निम्मे-निम्मे असतात, शिवाय विणीत ते वर-खाली वाकलेले असतात.

आता गंमत बघा. थर अधिक ३० आणि उणे ३० अंशांत जोडीने लावले तर लांबीच्या दिशेने प्रसरणांक उणे ३.६ येतो, म्हणजे तापल्यावर नळी आखडते. दुकानाचं सरकतं जाळीचं दार आठवा. ते रुंदीला ताणलं की त्याच्या फुल्यांची उंची कमी होते. इथे रेझिन फुगून जाळी रुंद करतं, धागे लांबायला तयार नसतात, म्हणून लांबी घटते.

हे कळल्यावर हुशार विद्यार्थी लगेच हिशोब मांडतो : ४० अंशांच्या कोनाला उणे १.१, ४५ अंशांना अधिक २.४, म्हणजे ४२ च्या जवळपास बरोब्बर शून्य! कागदावर खरं आहे. पण तिथे कोन आणि प्रसरणांकाचा आलेख इतका खडा आहे की कोन एका अंशाने चुकला की प्रसरणांक ०.७ ने हलतो. हाताने गुंडाळताना दोन-तीन अंश कुणाचेही चुकतात, माझेही. म्हणजे शून्य साधायला गेलात आणि हाती अधिक-उणे २ आलं.

मी हा क्रम वापरतो, आतून बाहेर (० म्हणजे नळीच्या लांबीच्या दिशेने) :

०, +३०, −३०, ०, ९०, ०, −३०, +३०, ०

नऊ थर. लांबीच्या दिशेने प्रसरणांक सुमारे ०.३५, घेराच्या दिशेने ८. लांबीतला बदल ३० अंश सेल्सिअसला साडेदहा मायक्रॉन. शून्य नाही, पण तिरके थर २७ अंशांत बसले तरी ०.३५ आणि ३३ अंशांत बसले तरी ०.३८. कारण ३० अंशांच्या कोनाजवळ आलेख सपाट आहे. हात थोडा चुकला तरी नळी सांभाळून घेते.

*थांबा :* मधल्या ९० च्या थराकडून दोन्ही बाजूंना वाचा, क्रम आरशातल्यासारखा सारखा यायला हवा. सपाट पट्टीत हा समतोल चुकला तर ती क्युअर झाल्यावर, म्हणजे रेझिन घट्ट झाल्यावर, पापडासारखी वळते. नळी वळू शकत नाही, म्हणून दोष आत दडून राहतो आणि तापमान बदललं की पिळाच्या रूपात बाहेर येतो.

धाग्याची जात किंवा रेझिन बदललं तर हा क्रम तसाच उचलू नका. जास्त ताठर धाग्याचा प्रसरणांक आणखी उणे असतो, नळी शून्याखाली जाईल. लॅमिनेटचा, म्हणजे थरांच्या रचनेचा, हिशोब करणारी स्प्रेडशीट घ्या आणि आपल्या डेटाशीटचे आकडे घाला.

४. सामान

२०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं युडी कापड. ५५ टक्के धागा धरला तर एक थर ०.२ मिलिमीटर भरतो, नऊ थरांची भिंत १.८ मिलिमीटर. रेझिन गरम करून पक्कं करता येईल असं, म्हणजे पोस्ट-क्युअरनंतर (घट्ट झाल्यावर पुन्हा तापवून पक्कं केल्यावर) किमान ८० अंशांपर्यंत मऊ न पडणारं. नुसतं खोलीच्या तापमानाला वाळलेलं इपॉक्सी बऱ्याचदा ५०-६० अंशांतच सैल होतं, आणि मेमधला पत्रा त्याला तिथवर सहज नेतो.

मँड्रेल, म्हणजे ज्यावर नळी गुंडाळायची तो साचा, म्हणून अॅल्युमिनियमचा पोकळ पाइप, बाहेरून ४० मिलिमीटरला टर्न करून पॉलिश केलेला, ११५० मिलिमीटर लांब. याशिवाय रिलीज वॅक्स (नळी साच्याला चिकटू नये म्हणून), श्रिंक टेप (तापल्यावर आखडून थर दाबणारी), पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, आणि दोन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा. ही पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत पाहा.

५. कापणी

नळीचा घेर दर थरामागे वाढत जातो. पहिला थर १२६ मिलिमीटर रुंद, पुढचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा १.३ मिलिमीटर जास्त. सगळे तुकडे एकाच मापाचे कापले की बाहेरच्या थरांत फट राहते. ती फट एका रेषेत आली तर नळी तिथेच चिरते. म्हणून प्रत्येक थराचा जोड आधीच्या जोडापासून किमान पाव घेर लांब ठेवा.

तिरक्या थरांचा तुकडा ५०० मिलिमीटरच्या रोलमधून अखंड निघत नाही, त्याला सुमारे ६१५ मिलिमीटर रुंदी लागते. तो दोन तुकड्यांत करा, पण जोड धाग्याला समांतर ठेवा. धागा आडवा कापून केलेला जोड म्हणजे तिथे धागाच नाही असं समजा.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या एका नळीत मी चारही तिरके थर एका दिशेने कापले आणि दोन उलटे करून ठेवायचे असं मदतनिसाला सांगितलं. जेवून आल्यावर त्याने ते पालथे केले, मग खात्री नसावी म्हणून मीही केले. नळी दिसायला उत्तम झाली. तापवली तेव्हा तिच्या टोकाला लावलेला पॉइंटर घड्याळाच्या काट्यासारखा फिरला. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर कापतानाच चंदेरी पेनने थराचा क्रमांक, कोन आणि नळीच्या वरच्या टोकाकडे बाण काढतो. खूण वरच्या बाजूलाच हवी, म्हणजे तुकडा पालथा पडला की लगेच कळतं.

*तपासा :* सगळे तुकडे क्रमाने टेबलावर मांडा, मोबाईलने फोटो काढा, आणि ज्याने कापले नाहीत त्याला मोजायला सांगा. मग एकूण वजन करून वहीत लिहा. आपल्या नळीला २४० ग्रॅमच्या आसपास कापड लागतं.

कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच. कार्बनची धूळ वीज वाहते. संगणक आणि कंट्रोल पॅनेलपासून लांब कापा.

६. गुंडाळणी

पावसाळ्यात हे काम उघड्या शेडमध्ये करू नका. श्रावणातल्या दमट हवेत हार्डनर ओलावा ओढतो, पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि पुढचा थर नीट धरत नाही. एसीची खोली बंद करून आर्द्रता ६० टक्क्यांखाली आली की सुरू करा.

मँड्रेलवर वॅक्सचे चार-पाच हात, प्रत्येक हातानंतर पुसणं. रेझिन आणि हार्डनर काट्यावर वजन करून, डेटाशीटच्या प्रमाणात. ‘थोडं हार्डनर जास्त टाकलं की लवकर वाळतं’ हे पॉलिस्टर रेझिनवाल्यांचं शहाणपण इपॉक्सीला चालत नाही. जास्तीचं हार्डनर आतच राहतं आणि रेझिन कायमचं मऊ पडतं.

कापड सपाट टेबलावर भिजवा, जास्तीचं रेझिन पट्टीने ओढून काढा, मग मँड्रेलवर घ्या. शून्य अंशाच्या थरांत सुरकुती पडू देऊ नका. वाकलेला धागा ताणाला लागत नाही, आणि आपला सगळा हिशोब धागा सरळ असण्यावर आहे. नऊ थर झाल्यावर पील प्लाय, त्यावर श्रिंक टेप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निम्म्या आच्छादनाने. दोन्ही टोकांकडून मधे आलात तर रेझिन मधेच अडकतं.

७. तापवणं

पहिला टप्पा ४५-५० अंशांना, मँड्रेलवरच, रेझिन पूर्ण घट्ट होईपर्यंत. थंड झाल्यावर अॅल्युमिनियम नळीच्या घेरापेक्षा जास्त आखडतं आणि व्यासात १५ मायक्रॉनच्या आसपास फट पडते. नळी निघत नसेल तर हातोडी घेऊ नका. पाइपात बर्फाचं पाणी भरा, दहा मिनिटं थांबा, मग पिळून ओढा.

दुसरा टप्पा मँड्रेलशिवाय. नळी सरळ व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवा आणि तासाला १० अंशांच्या वेगाने ८० पर्यंत न्या. किती तास ठेवायची ते डेटाशीट सांगेल. एकदम तापवली तर रेझिन पक्कं होण्याआधी मऊ पडतं आणि नळी स्वतःच्या वजनाने वाकते. उतरवतानाही तोच वेग.

भोसरीत पावडर कोटिंगवाल्याचा ओव्हन भाड्याने मिळू शकतो, पण तो १८०-२०० अंशांच्या कामाचा असतो आणि ८० वर तो कसा वागतो हे बऱ्याचदा मालकालाही माहीत नसतं. स्वतःची थर्मोकपल न्या : एक नळीवर, एक हवेत. पॅनेलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

८. वजनाची परीक्षा

टोकं कापण्याआधी नळी काट्यावर ठेवा. वजनाला कापडाच्या वजनाने भागा. १.५५ च्या आसपास आलं तर धागा ५५ टक्के. १.७५ आलं तर ४७ टक्के, रेझिन जास्त राहिलं आणि प्रसरणांक वर सरकला. १.४ च्या खाली आलं तर आत कोरडे भाग असण्याची शक्यता आहे, नाण्याने ठोकत आवाज ऐका. नीट नळीचा आवाज सगळीकडे एकसारखा येतो.

९. टोकं : इथे सगळी कमाई बुडते

नळी ०.३५ ची केली आणि दोन्ही टोकांना अॅल्युमिनियमचे इन्सर्ट, म्हणजे नळीत बसणारे ठोकळे, चिकटवले. कॅमेऱ्याची बैठक गोंदाच्या जागेपासून ४० मिलिमीटर बाहेर. म्हणजे दोन्हीकडचं मिळून ८० मिलिमीटर अॅल्युमिनियम हिशोबात आलं, आणि ते ३० अंशांना ५५ मायक्रॉन वाढतं. अख्खी नळी साडेदहा, दोन छोटे ठोकळे ५५.

इन्व्हार वापरलंत तर तेच ३ मायक्रॉन. पण इन्व्हार जड, महाग आणि टर्नरला नकोसं. त्याआधी फुकटचा उपाय करा : बैठक गोंदाच्या मध्यरेषेवर आणा. इन्सर्ट बाहेर हवा तेवढा लांब असू द्या, कॅमेरा जिथे टेकतो आणि गोंद जिथे धरतो ते एका रेषेत असलं की मधे वाढायला धातूच उरत नाही. ड्रॉइंगवर एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंत पेन्सिलीने वाट काढा. वाटेत येणाऱ्या प्रत्येक पदार्थाची लांबी, त्याचा प्रसरणांक आणि अंश यांचा गुणाकार करून बेरीज करा. हा दहा मिनिटांचा कागद बहुतेक जण करत नाहीत.

गोंदाचं अंतर सर्वत्र ०.२ ते ०.३ मिलिमीटर. घेराच्या दिशेने नळी ८ आणि अॅल्युमिनियम २३ असल्याने ४० मिलिमीटर व्यासाला ३० अंशांत १८ मायक्रॉनचा फरक पडतो. तो गिळायला गोंदाला जाडी आणि थोडा लवचीकपणा हवा. घट्ट बसवलेला इन्सर्ट हिवाळ्यात सुटतो. अॅल्युमिनियम आणि कार्बन थेट भिडले की ओलाव्यात अॅल्युमिनियम गंजतं, म्हणून मधे काचेच्या कापडाचा एक पातळ थर द्या.

*थांबा :* केबलसाठी नळीच्या अंगाला अॅल्युमिनियमची लांब पट्टी दोन्ही टोकांना आवळू नका. तापल्यावर ती नळीला धनुष्यासारखी वाकवते. एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला लांबट भोक.

१०. मोजणी

नळी पेटीत ठेवली, पोलादी स्टँडवर डायल गेज लावलं, हीटर चालू केला. काटा हलला. काय मोजलं? स्टँड.

तुलनेला फ्यूज्ड क्वार्ट्झची दांडी घ्या, प्रसरणांक ०.५५. नळी आणि दांडी शेजारी-शेजारी, एका टोकाला एकाच आधाराला टेकलेल्या, दुसऱ्या टोकाला १ मायक्रॉनचं डायल गेज दोघींतला फरक मोजेल असं बसवा. थर्माकोलच्या पेटीत १५ ते ४५ अंश. प्रत्येक तापमानाला काटा स्थिर होऊन निदान दोन तास गेल्याशिवाय लिहू नका. हवा लवकर तापते, नळीचा गाभा उशिरा.

आधी नळीच्या जागी १ मीटर अॅल्युमिनियमची दांडी ठेवून मोजा. ३० अंशांना ६७५ मायक्रॉनच्या आसपास फरक यायला हवा, मिश्रधातूप्रमाणे थोडा इकडे-तिकडे. ५५० किंवा ८०० आला तर तुमची मांडणी खोटं बोलते आहे आणि नळीचा आकडाही खोटाच येईल.

मग नळी. क्वार्ट्झ तिच्यापेक्षा जास्त वाढणार, म्हणून फरक उणे ६ मायक्रॉनच्या जवळ अपेक्षित. पहिली फेरी वहीत लिहा पण हिशोबात धरू नका, कारण तिच्यात उरलासुरला ओलावा निघत असतो. दुसरी आणि तिसरी जुळली की झालं. न जुळल्यास पोस्ट-क्युअर अपुरा आहे किंवा गोंद सरकतो आहे. आधी नळी इन्सर्टशिवाय मोजली असेल तर दोषी कोण ते लगेच कळतं, म्हणून दोनदा मोजा : टोकांशिवाय आणि टोकांसह.

११. पाऊस

तापमानाचं सगळं जमवल्यावर राहतो तो ओलावा. इपॉक्सी पाणी पिऊन फुगतं. वरचाच हिशोब ओलाव्याला लावला तर नळीचं वजन पाण्याने १ टक्का वाढल्यावर लांबी ४५-५० मायक्रॉनने वाढते, म्हणजे ३० अंशांनी तापल्यावर होते त्याच्या चौपट. हे हळूहळू, आठवड्यांत घडतं, त्यामुळे कुणी तापमानाशी त्याचा संबंध जोडत नाही. ‘सप्टेंबरमध्ये कॅलिब्रेशन सरकलं’ एवढंच कळतं.

पोस्ट-क्युअरनंतर लगेच, नळी कोरडी असताना, आतून-बाहेरून इपॉक्सीचा पातळ हात द्या आणि बाहेरून अॅल्युमिनियम फॉइलची टेप लावा. रंगाने ओलावा थांबत नाही, फक्त उशीर होतो. कापलेली टोकं विसरू नका, पाणी तिथूनच आधी शिरतं. त्याच नळीचा हातभर तुकडा तसाच सील करून शेडमध्ये टांगा आणि मेच्या अखेरीस, जुलैच्या मध्यावर आणि सप्टेंबरअखेर त्याचं वजन करा. पाव टक्क्यापेक्षा जास्त वाढलं तर कॅमेरे पुन्हा कॅलिब्रेट करा आणि फॉइल कुठे उचलली गेली आहे ते शोधा. बहुतेकदा ती इन्सर्टच्या कडेलाच उचललेली सापडते.